चिनी नेत्रौषधी

डोळ्यांचे आरोग्य राखण्यासाठी आणि नेत्रविकारांवर उपचार म्हणून चीनच्या परंपरागत वैद्यकात ज्या वनस्पती, खनिजे व प्राणिज द्रव्ये वापरली जातात, त्यांना सामान्यतः चिनी नेत्रौषधी असे म्हणता येईल. त्यांत वनस्पतींचे प्रमाण सर्वाधिक असून फुले, फळे, बिया, पाने, मुळे व साली अशा सर्व भागांचा उपयोग केला जातो. शेवंतीची फुले, गोजीची फळे, टाकळ्याच्या व कुरडूच्या बिया, तुतीची पाने ही त्यांतील प्रसिद्ध द्रव्ये होत. यांपैकी काही वनस्पती महाराष्ट्रात विपुल आढळतात. परंतु येथे त्यांचा उपयोग निराळ्या कारणांसाठी होतो. चीन, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर इ. प्रदेशांत ही औषधे आजही प्रचारात आहेत. त्यांतील काही नित्याच्या आहारात व पेयांतही समाविष्ट झाली आहेत. दोन हजार वर्षांच्या अनुभवाचे पाठबळ असलेल्या या औषधांपैकी कोणती खरोखर गुणकारी आहेत, कोणती निरुपयोगी आहेत व कोणती अपायकारक आहेत, हे ठरविणे महत्त्वाचे आहे. कारण काही नेत्रविकारांत उपचारास झालेला विलंब कायमच्या अंधत्वास कारणीभूत होतो.

उपपत्ती : चिनी वैद्यकाची बैठक यिन व यांग ही परस्परपूरक तत्त्वे, छी ही शरीरात संचार करणारी जीवनशक्ती आणि काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल ही पाच तत्त्वे यांच्या कल्पनेवर उभारलेली आहे. शरीरातील प्रत्येक प्रमुख अंतरिंद्रिय एकेका ज्ञानेंद्रियाच्या द्वारे बाहेर व्यक्त होते, असे हे वैद्यक मानते. त्यानुसार यकृताचे द्वार म्हणजे डोळा होय. हा विचार इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमारास संकलित झालेल्या ह्वांग्दी नेइजिंग या ग्रंथात आढळतो. येथे यकृत म्हणजे केवळ शरीररचनाशास्त्रातील अवयव नव्हे. रक्ताचा साठा करणे, छीचा प्रवाह सुरळीत ठेवणे व क्रोधासारख्या भावनांचे नियमन करणे अशा कार्यांचा समुच्चय या शब्दाने सूचित होतो. यकृताला पुरेसे रक्त असेल, तरच डोळा पाहू शकतो, अशी ही उपपत्ती आहे.

पुढील काळात या विचाराला ‘पंचचक्र’ सिद्धांताची जोड मिळाली. या सिद्धांतानुसार डोळ्याचे पाच भाग पाच अंतरिंद्रियांशी जोडलेले आहेत : पापण्या प्लीहेशी, डोळ्यांचे कोपरे हृदयाशी, पांढरा भाग फुप्फुसाशी, काळा भाग (स्वच्छमंडल व त्यामागील परितारिका) यकृताशी आणि बाहुली मूत्रपिंडाशी. त्यामुळे विकार डोळ्याच्या कोणत्या भागात आहे हे पाहून वैद्य संबंधित अंतरिंद्रियावर उपचार करतो. विकारांचे ‘बाह्य अवरोध’ व ‘आंतर अवरोध’ असे दोन मोठे वर्ग केले जातात. डोळे लाल होणे, चिकट स्राव येणे, स्वच्छमंडलावर फूल पडणे हे पहिल्या वर्गात, तर मोतीबिंदू, काचबिंदू व जालपटलाचे विकार दुसऱ्या वर्गात मोडतात.

औषधयोजनेच्या दृष्टीने विकारांचे आणखी दोन प्रकार महत्त्वाचे ठरतात. पहिल्यात बाहेरून आलेला ‘वायू व उष्णता’ किंवा यकृतातील ‘अग्नी’ वाढल्याने डोळे लाल होतात, दुखतात व पाणावतात. अशा वेळी शीतल द्रव्ये दिली जातात. दुसऱ्यात यकृत व मूत्रपिंड यांतील यिन क्षीण झाल्याने दृष्टी मंदावते, डोळे कोरडे पडतात व चक्कर येते. अशा वेळी पौष्टिक द्रव्ये योजतात. म्हणून एकाच नावाच्या विकारावर दोन रुग्णांना सर्वस्वी भिन्न औषधे मिळू शकतात. ही पद्धत आतून सुसंगत असली, तरी तिचे आधारभूत घटक निरीक्षणापेक्षा साम्यकल्पनेवर अधिक अवलंबून आहेत. त्यामुळे उपपत्ती सुसंगत आहे एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. त्याची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते.

इतिहास : औषधी द्रव्यांवरील सर्वांत जुना चिनी ग्रंथ शन्नुंग बन्त्साओ जिंग हा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास संकलित झाला, असे मानतात. मूळ ग्रंथ नष्ट झाला असून नंतरच्या ग्रंथांतील उताऱ्यांवरून त्याची पुनर्रचना करण्यात आली आहे. त्यात ३६५ द्रव्यांचे तीन श्रेणींत वर्णन असून शेवंती, गोजी व टाकळ्याच्या बिया यांना दीर्घकाळ घेण्याजोग्या वरच्या श्रेणीत स्थान दिलेले आहे. सातव्या शतकातील सुप्रसिद्ध वैद्य सुन सिम्याओ याने आपल्या ग्रंथात नेत्रविकारांवरील अनेक योग नोंदविले असून रातांधळेपणावर प्राण्यांचे यकृत खाण्यास द्यावे, असे सांगितले आहे.

थांग राजवटीच्या काळात (६१८–९०७) चिनी नेत्रवैद्यकावर भारतीय वैद्यकाचा प्रभाव पडला. वांग ताओ याने ७५२ मध्ये सिद्ध केलेल्या वायताय मीयाओ या संग्रहात नेत्रविकारांवरील एक प्रकरण असून ते भारतीय परंपरेतील असल्याचे त्याच्या शीर्षकावरूनच समजते. शरीर हे पृथ्वी, जल, अग्नी व वायू या चार महाभूतांचे बनलेले आहे, असे त्यात म्हटले आहे. ही कल्पना चिनी पंचतत्त्वांहून वेगळी, पण भारतीय व विशेषतः बौद्ध विचाराशी जुळणारी आहे. सुईने मोतीबिंदू बाजूला सारण्याच्या शस्त्रक्रियेचाही तेथे उल्लेख आहे. सुश्रुतसंहितेत लिंगनाश या विकारावर सांगितलेल्या शस्त्रक्रियेशी तिचे साम्य उघड आहे. बौद्ध भिक्षू व प्रवासी वैद्य यांच्याद्वारे हे ज्ञान मध्य आशियामार्गे चीनला पोहोचले असावे.

नागार्जुनाच्या नावावर मोडणारा एक नेत्रवैद्यकीय ग्रंथही त्या काळी चीनमध्ये प्रचलित होता. नागार्जुनाचे चिनी नाव ‘लुंग्शू’ असे असून त्याचा शब्दशः अर्थ ‘नागवृक्ष’ होतो. पुढे हेच नाव ‘लुंग्मू’ असे बदलले. या परंपरेतील लुंग्मू लुन या ग्रंथात ७२ नेत्रविकार वर्णिले आहेत. सुश्रुतसंहितेत ती संख्या ७६ आहे. थांगकालीन कवी बाय ज्यूयी (७७२–८४६) हा दीर्घकाळ नेत्रविकाराने पीडित होता. नागार्जुनाच्या नावाचा ग्रंथ, टाकळ्याच्या बियांच्या गोळ्या आणि मोतीबिंदूवरील सोन्याची सुई या तिन्हींचा उल्लेख त्याच्या एका कवितेत आढळतो. गोळ्यांनी गुण न आल्याने त्याची दृष्टी अखेर सुईकडे वळली होती. औषधाची मर्यादा कोठे संपते आणि शस्त्रक्रियेची गरज कोठे सुरू होते, हा प्रश्न त्या काळीही रुग्णांपुढे होता, असे यावरून दिसते.

सुंग राजवटीत (९६०–१२७९) शाही वैद्यक संस्थेच्या नऊ शाखांमध्ये नेत्रवैद्यकास स्वतंत्र स्थान मिळाले. त्यानंतरच्या ग्रंथांपैकी नी वेइद याचा युआन्जी छीवेइ (१३७०), फू रन्यू याचा शन्शी याओहान (१६४४) आणि ह्वांग थिंग्जिंग याचा मूजिंग दाछंग (१७४१) हे विशेष उल्लेखनीय आहेत. शन्शी याओहानमध्ये १०८ विकारांचे वर्णन असून मूजिंग दाछंगमध्ये मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेच्या आठ पायऱ्या दिलेल्या आहेत. यिन्हाय जिंग्वेइ हा ग्रंथ सुन सिम्याओच्या नावावर प्रसिद्ध असला, तरी तो त्याच्यानंतर कित्येक शतकांनी रचला गेला, याविषयी अभ्यासकांचे एकमत आहे. त्याच्या नावातील ‘रुपेरी सागर’ हा शब्द डोळ्यांना उद्देशून आहे. ली शिजेन (१५१८–९३) याच्या १५९६ मध्ये छापून पूर्ण झालेल्या बन्त्साओ गांग्मू या विशाल ग्रंथात १,८९२ द्रव्यांची माहिती असून त्यांत नेत्रौषधींची संख्या मोठी आहे.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य वैद्यकाचा चीनमध्ये प्रसार झाल्यावर नेत्रशस्त्रक्रियेत जुनी पद्धत मागे पडली. तथापि औषधयोजना टिकून राहिली. १९५५ मध्ये थांग फेइफान या चिनी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी खुपरीस कारणीभूत होणारा सूक्ष्मजीव प्रथमच वेगळा केला. ज्या विकाराला परंपरेने वायू व उष्णता यांचा प्रकोप मानले होते, त्याचे खरे कारण यामुळे स्पष्ट झाले. दुसरीकडे सोन्याच्या सुईच्या जुन्या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप देणारा नेत्रवैद्य थांग यौजृ याने १९७५ मध्ये माओ त्से-तुंग यांच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया केली. जुन्या व नव्या वैद्यकांचा मेळ घालण्याच्या चिनी धोरणाचे हे एक लक्षणीय उदाहरण होय.

प्रमुख वनस्पती : (१) शेवंती : चिनी नाव ज्यूह्वा, शास्त्रीय नाव क्रिसँथेमम मोरिफोलियम, कुल कंपॉझिटी. वाळविलेली फुले औषधात वापरतात. जजियांग, आन्ह्वेइ व हनान या प्रांतांतील निरनिराळे प्रकार बाजारात प्रसिद्ध आहेत. पिवळी फुले वायू व उष्णता घालविण्यासाठी, तर पांढरी फुले यकृत शांत करून दृष्टी स्वच्छ करण्यासाठी अधिक चांगली मानतात. फुलांत ल्युटिओलीन वर्गातील फ्लॅव्होनॉइडे, क्लोरोजेनिक अम्ल व बाष्पनशील तेल असते. नेहमीची मात्रा रोज ५ ते १० ग्रॅ. असून फुलांचा चहा उन्हाळ्यात पेय म्हणूनही घेतात. शेवंतीच्या कुलातील वनस्पतींची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना त्याचा त्रास होऊ शकतो.

(२) गोजी : चिनी नाव गौछी, शास्त्रीय नावे लायसियम बार्बारम व लायसियम चायनेन्स, कुल सोलॅनेसी. वांगी व मिरची यांच्या कुलातील हे काटेरी झुडूप असून त्याची लहान, लाल व गोडसर फळे वाळवून वापरतात. पीत नदीच्या काठचा निंगश्या प्रदेश, विशेषतः त्यातील जुंगनिंग परगणा, या फळांसाठी प्रसिद्ध आहे. यकृत व मूत्रपिंड यांना बळ देऊन दृष्टी वाढविणारे फळ अशी त्याची ख्याती आहे. मात्रा ६ ते १२ ग्रॅ. असते. फळांचा लाल रंग मुख्यतः झियाझँथिन डायपामिटेट या कॅरोटिनॉइडामुळे येतो. झियाझँथिन व त्याच्याशी निकटचे लुटिइन ही द्रव्ये जालपटलाच्या मध्यभागी असलेल्या व बारकावे पाहण्यास उपयोगी पडणाऱ्या पीतबिंदूत साठलेली असतात. मानवी शरीर ती स्वतः तयार करू शकत नाही. ती आहारातूनच मिळवावी लागतात. त्यामुळे या फळाची परंपरागत ख्याती रासायनिक दृष्ट्या निराधार नाही.

(३) टाकळा : चिनी नाव ज्युएमिंग, म्हणजे ‘दृष्टी उघडणारा’, शास्त्रीय नावे सेना टोरा (पूर्वीचे कॅसिया टोरा) व सेना ऑब्ट्युसिफोलिया, कुल लेग्युमिनोजी. पावसाळ्यात कोकणात व देशावर रस्त्याच्या कडेने, पडीक जमिनीत सर्वत्र उगवणारी हीच ती वनस्पती होय. महाराष्ट्रात तिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. आयुर्वेदात ती चक्रमर्द या नावाने ओळखली जाते आणि बी मुख्यतः गजकर्णासारख्या त्वचाविकारांवर वापरतात. चीनमध्ये मात्र तेच बी भाजून त्याचा काढा किंवा चहा डोळे लाल होणे, प्रकाश सहन न होणे व दृष्टी मंदावणे यांवर ९ ते १५ ग्रॅ. मात्रेत देतात. बियांत क्रायसोफॅनॉल, एमोडीन, ऑब्ट्युसिफोलीन इ. अँथ्राक्विनोने असल्याने त्या सारक आहेत. त्यामुळे जुलाब होत असताना त्या वर्ज्य ठरतात आणि गर्भवतींनी वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

(४) कुरडू : चिनी नाव छिंगश्यांग, शास्त्रीय नाव सेलोसिया अर्जेन्शिया, कुल ॲमरँटेसी. हीही महाराष्ट्रातील शेतांत तण म्हणून वाढणारी व भाजी म्हणून खाल्ली जाणारी वनस्पती आहे. तिच्या लहान, काळ्या, चकचकीत बिया यकृताचा अग्नी शमवून डोळ्यांवरील पडदा दूर करतात, असे मानले जाते. मात्र त्यांमुळे बाहुली विस्फारते, असे नमूद करून काचबिंदूच्या रुग्णांनी त्या घेऊ नयेत, अशी स्पष्ट सूचना चिनी औषधकोशात दिलेली आहे. बाहुली विस्फारल्याने काही डोळ्यांतील द्रवाचा निचरा अडून दाब एकाएकी वाढतो, हे त्यामागील कारण होय. डोळ्यांचे औषधच डोळ्यांना घातक कसे ठरू शकते, याचे हे उदाहरण आहे.

(५) ह्वांग्ल्येन : शास्त्रीय नाव कॉप्टिस चायनेन्सिस, कुल रॅनन्क्युलेसी. पिवळ्या रंगाची व अत्यंत कडू मुळे चिकट स्राव येणाऱ्या लाल डोळ्यांवर धावन म्हणून वापरतात. त्यांतील बर्बेरीन हे अल्कलॉइड सूक्ष्मजंतूंची वाढ रोखते. भारतात अरुणाचल प्रदेशाच्या मिश्मी टेकड्यांत आढळणारी कॉप्टिस टीटा ही याच प्रजातीतील जाती ‘ममीरा’ या नावाने डोळ्यांच्या औषधात वापरली जाते. आयुर्वेदात दारुहळदीपासून तयार होणारे रसांजनही याच अल्कलॉइडाने युक्त असून ते नेत्रविकारांवर योजले जाते. दोन परस्परांपासून दूर असलेल्या परंपरांनी भिन्न वनस्पतींमधून एकाच द्रव्याचा शोध घेतला, ही गोष्ट लक्षणीय आहे. बर्बेरिनाचे खुपरीवरील प्रयोग १९८० च्या सुमारास भारतातही करण्यात आले होते.

(६) इतर वनस्पती : मीमंगह्वा (बडलिया ऑफिसिनॅलिस) या झुडपाच्या फुलकळ्या पाणावणाऱ्या व प्रकाशाने दिपणाऱ्या डोळ्यांसाठी देतात. गूजिंगत्साओ (एरिओकॉलॉन बुर्गेरियानम) ही भातखाचरांत उगवणारी वनस्पती असून तिच्या नावाचा अर्थ ‘धान्याच्या सत्त्वाचे गवत’ असा होतो. कासच्या पठारावर फुलणारे गेंद हे याच प्रजातीतील आहे. तुतीची पाने शेवंतीबरोबर, तर श्याकूत्साओ (प्रुनेला व्हल्गॅरिस) ही वनस्पती रात्री वाढणाऱ्या नेत्रशूलावर देतात. छिन्पी या झाडाच्या (फ्रॅक्सिनस) सालीत एस्क्युलीन असल्याने तिच्या पाण्यातील अर्कास निळसर झाक येते. हा अर्क डोळे धुण्यास वापरीत. श्हिहू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डेंड्रोबियम प्रजातीतील ऑर्किडांचे दांडे पौष्टिक मानले जातात. त्यांच्या बेसुमार तोडीमुळे वन्य जाती विरळ झाल्या असून आता त्यांची लागवड केली जाते.

प्राणिज व खनिज द्रव्ये : वनस्पतींच्या जोडीने इतर द्रव्येही योजली जात. त्यांत यकृताचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. रातांधळेपणा हा बहुधा अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होतो आणि या जीवनसत्त्वाचा मोठा साठा प्राण्यांच्या यकृतात असतो. सुश्रुतसंहितेतही या विकारावर यकृताचा प्रयोग सांगितलेला आहे. उपपत्ती साम्यकल्पनेवर आधारलेली असूनही उपचार अचूक ठरला, असे हे उदाहरण होय. याउलट याच विकारावर वटवाघळाची विष्ठा देण्याची प्रथाही होती. रात्री संचार करणाऱ्या प्राण्याशी रात्रीच्या दृष्टीचा संबंध जोडण्यापलीकडे तिला आधार दिसत नाही. अबॅलोन या सागरी प्राण्याचे शिंपले, सिकाडा कीटकाची कात व मोती यांचाही वापर होतो. बाहेरून लावण्याच्या औषधांत भाजलेले जस्त कार्बोनेट आणि बोर्निऑल म्हणजेच भीमसेनी कापूर असतो; भीमसेनी कापूर भारतीय अंजनांतही घातला जात असे.

अस्वलाचे पित्त, गेंड्याचे शिंग व सायगा हरणाचे शिंग ही द्रव्येही जुन्या योगांत आढळतात. त्यांच्या मागणीमुळे या प्राण्यांच्या अस्तित्वास गंभीर धोका निर्माण झाला. गेंड्याच्या शिंगाच्या व्यापारावर चीनने १९९३ मध्ये बंदी घातली व योगांत त्याऐवजी म्हशीच्या शिंगाचा वापर सुरू झाला. अस्वलाच्या पित्तातील क्रियाशील घटक असलेले उर्सोडिऑक्सिकोलिक अम्ल आता कृत्रिम रीत्या तयार करता येते. त्यामुळे त्यासाठी अस्वलांना पिंजऱ्यांत डांबण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

औषधयोग व देण्याच्या पद्धती : चिनी वैद्य सहसा एकच वनस्पती देत नाहीत. मुख्य द्रव्य, त्याला साहाय्य करणारे, अनिष्ट परिणाम कमी करणारे व औषध इष्ट स्थळी नेणारे अशा भूमिकांनुसार अनेक द्रव्ये एकत्र करतात. सर्वांत लोकप्रिय नेत्रयोग म्हणजे छीज्यू दीह्वांग गोळ्या होत. अकराव्या-बाराव्या शतकांतील बालरोगवैद्य छ्येन यी याच्या सहा द्रव्यांच्या योगात गोजी व शेवंती यांची भर घालून तो सिद्ध होतो. मूळ योगात वाफवून काळे केलेले रेमानिया मूळ, कॉर्नसची फळे, कोनफळाच्या प्रजातीतील कंद, ॲलिस्मा, मुतान पिओनीची साल व पोरिया कवक असते. वयोमानाने मंद झालेली दृष्टी, डोळ्यांचा कोरडेपणा व वारा लागताच पाणी येणे यांवर या गोळ्या देतात. लाल, वेदनायुक्त डोळ्यांवर लुंग्दान श्येगान हा दहा द्रव्यांचा कडू योग वापरतात.

औषध पोटात देण्यासाठी काढा, मधात वळलेल्या गोळ्या किंवा चूर्ण असे प्रकार आहेत. बाह्य उपचारांत गरम काढ्याची वाफ मिटलेल्या डोळ्यांवर घेणे, नंतर गाळलेल्या कोमट काढ्याने डोळे धुणे, कापडी घडी ठेवणे व मलम लावणे यांचा समावेश होतो. वाफेच्या उबेने पापण्यांच्या कडांवरील ग्रंथींतील स्निग्ध स्राव मोकळा होतो. त्यामुळे डोळ्यांच्या कोरडेपणात काहीसा आराम पडतो. मात्र हा परिणाम बव्हंशी उबेचा असून तो साध्या गरम पाण्याच्या घडीनेही साधतो.

आधुनिक परीक्षण : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या द्रव्यांचे रासायनिक पृथक्करण, प्राण्यांवरील प्रयोग व रुग्णांवरील चाचण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या. सर्वांत अधिक अभ्यास गोजीचा झाला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ ते ७० वर्षे वयाच्या १५० निरोगी व्यक्तींना ९० दिवस गोजीयुक्त आहार दिला असता पीतबिंदूतील बदल नियंत्रण गटापेक्षा कमी आढळले. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ ते ६५ वर्षे वयाच्या २७ निरोगी व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी आठवड्यातून पाच दिवस २८ ग्रॅ. फळे खाणाऱ्या गटात ९० दिवसांनंतर पीतबिंदूतील रंगद्रव्याची घनता वाढलेली दिसली. तथापि रंगद्रव्य वाढणे म्हणजे रोग टळणे नव्हे. ते सिद्ध होण्यासाठी मोठ्या संख्येने व्यक्तींचे अनेक वर्षे निरीक्षण करावे लागेल.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लुटिइन व झियाझँथिन यांचा अभ्यास करण्यात आला. पीतबिंदूचा वार्धक्यजन्य ऱ्हास मध्यम अवस्थेत असलेल्यांसाठीच्या पूरक योगात बीटा-कॅरोटिनाऐवजी ही द्रव्ये घालणे अधिक सुरक्षित असल्याचे तीत दिसून आले. ही द्रव्ये केवळ गोजीतच असतात असे नाही. पालक व इतर हिरव्या पालेभाज्या, मका आणि अंड्यातील पिवळा बलक यांतूनही ती मिळतात. म्हणून दूर देशाहून आलेली महाग फळे न घेताही हा लाभ मिळू शकतो.

इतर वनस्पतींविषयीचा पुरावा याहून तोकडा आहे. प्रयोगशाळेत शोथ कमी करणे, ऑक्सिडीकरणास विरोध करणे, सूक्ष्मजंतूंची वाढ रोखणे असे गुण अनेक अर्कांत आढळतात. परंतु पोटात घेतलेले द्रव्य डोळ्यात पुरेशा प्रमाणात पोहोचतेच असे नाही. पुष्कळ चाचण्यांत रुग्णसंख्या अल्प, काळ मर्यादित व नियंत्रण गट सदोष असतो. मिश्र योगांतील कोणत्या घटकाने गुण आला, हेही ठरविता येत नाही. याशिवाय साधे डोळे येणे हा विकार बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्याचे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या औषधास दिले जाते.

मर्यादा व धोके : मोतीबिंदूत भिंगातील प्रथिनांची रचना बिघडून ते गढुळते. कोणत्याही वनस्पतीने ते पुन्हा पारदर्शक झाल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. काचबिंदूत नेत्रतंत्रिकेचे नष्ट झालेले तंतू पुन्हा निर्माण होत नाहीत. हा विकार बहुधा वेदनारहित असतो व मध्यवर्ती दृष्टी शेवटपर्यंत टिकून राहते, त्यामुळे औषधाने बरे वाटत असल्याचा आभास होतो आणि दरम्यान हानी चालूच राहते. मधुमेहामुळे होणारा जालपटलाचा विकार, जालपटल सुटणे व स्वच्छमंडलावरील व्रण यांबाबतही विलंब घातक असतो. एकाएकी दृष्टी जाणे, तीव्र वेदना, डोळ्यांपुढे पडदा आल्यासारखे वाटणे, प्रकाशाचे झोत दिसणे वा दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे ही लक्षणे आढळताच नेत्रतज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. अशा वेळी काढ्याने गुण येण्याची वाट पाहणे योग्य नव्हे.

प्रत्यक्ष औषधांपासूनही काही अपाय संभवतात. सुन सिम्याओच्या ग्रंथातील एका प्रसिद्ध नेत्रयोगात लोहचुंबक दगड, आंबविलेले धान्य व हिंगूळ असते. हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग असून ते दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंड व तंत्रिका तंत्र यांना बाधते. लुंग्दान श्येगान या योगात मुथुंग नावाचे द्रव्य पडते. विसाव्या शतकात त्याऐवजी ॲरिस्टोलोकिया मंशुरियेन्सिस या भिन्न वनस्पतीचे खोड सर्रास वापरले जाऊ लागले. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक अम्लामुळे मूत्रपिंडे कायमची निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. लाल डोळ्यांसारख्या किरकोळ तक्रारीसाठी या गोळ्या घेणाऱ्या अनेकांना ही किंमत मोजावी लागली. चीनने २००३ मध्ये या खोडाचा औषधी वापर बंद केला. नाव तेच, पण वनस्पती वेगळी, असा घोटाळा वनौषधींच्या व्यापारात वारंवार होतो. त्यामुळे वनस्पतीची शास्त्रीय ओळख पटविणे अत्यावश्यक ठरते.

गोजीमुळे वॉरफरिन या रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. काही तयार गोळ्यांत नाव न सांगता स्टेरॉइडांची भेसळ केलेली आढळते. स्टेरॉइडांच्या दीर्घ वापराने मोतीबिंदू व काचबिंदू हेच विकार उद्भवतात. घरी केलेले काढे, रस वा चूर्ण डोळ्यात घालणे विशेष धोक्याचे आहे. निर्जंतुक नसलेल्या द्रवातील सूक्ष्मजंतू व कवके स्वच्छमंडलावर व्रण निर्माण करतात आणि व्रण भरल्यावरही तेथे अपारदर्शक वण राहतो. भारतातील ग्रामीण भागातही अशा घरगुती द्रव्यांमुळे दृष्टी गमावण्याचे प्रसंग घडतात. टाकळा व कुरडू दाराशी उगवतात म्हणून त्यांच्या बियांचा नेत्रौषध म्हणून स्वतःच प्रयोग करणे इष्ट नाही.

सारांश, चिनी नेत्रौषधींपैकी गोजी व शेवंती यांसारखी द्रव्ये आहाराचा भाग म्हणून बहुतेकांना निर्धोक आहेत आणि त्यांतील गोजीस पोषणदृष्ट्या काही शास्त्रीय आधारही आहे. काही वनस्पती भावी संशोधनास उपयुक्त ठरतील. मात्र आज उपलब्ध असलेल्या पुराव्यानुसार त्यांतील कोणतीही मोतीबिंदू, काचबिंदू वा जालपटलाचे विकार यांवरील प्रस्थापित उपचारांची जागा घेऊ शकत नाही. चीनमधील अनेक रुग्णालयांत तपासणी व शस्त्रक्रिया आधुनिक पद्धतीने करून वनौषधी केवळ पूरक म्हणून दिल्या जातात. निदान आधी व औषध नंतर, हा क्रम पाळला गेला, तरच या प्राचीन द्रव्यभांडाराचा लाभ डोळ्यांना धोका न होता घेता येतो.